कंबरेचा पट्टा, खालून वर



मागच्या खेपेला डिचोली शाखेतल्या दिवसांवर लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी "अजून लिहा" म्हणून कळवलं. आजचा विषय वेगळा आहे आणि थोडा संकोचाचाही आहे. म्हणून आधी सौ.ची परवानगी घेतली. ती म्हणाली, "लिहा, पण माझं वजन लिहू नका." तेव्हा वजन सोडून बाकी सगळं लिहितो.

विषय आहे कंबरेचा पट्टा. आपल्या वयाच्या बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी असा एक तरी पट्टा गुंडाळून पडलेला असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतला, पण टोचतो हो." मग तो पट्टा कपाटात आणि माणूस खाटेवर. आमच्याकडेही तेच व्हायच्या बेतात होतं. ते कसं टळलं ते सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

2023 साली अधिक श्रावण आला होता. 18 जुलैला महिना लागला. लेक-जावई त्या महिन्यात एकदा येऊन जाणार, म्हणून हिनं 33 अनारशांचा बेत केला. आता अनारसे म्हणजे तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं. 22 जुलैचा शनिवार होता. बाहेर पाऊस असा की फर्मागुडीचा डोंगर दिसत नव्हता. पाणी बदलायला म्हणून हिनं जमिनीवरचं पातेलं वाकून उचललं आणि पाठीत काडी मोडल्यासारखा आवाज झाला म्हणे. पडली नाही की घसरली नाही. नुसती वाकली आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. मी सोप्यावर पेपर वाचत होतो. "अहो, जरा येता?" एवढंच म्हणाली. तिच्या आवाजावरूनच कळलं की काहीतरी झालंय.

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून आम्हाला दाखवला. वरचे आणि खालचे मणके विटांसारखे चौकोनी, आणि कंबरेचा दुसरा मणका मात्र पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखा झालेला. हाडं ठिसूळ झाली की असं होतं म्हणाले. पडावं लागत नाही. वाकून वजन उचललं, कधी कधी जोरात खोकला आला तरी पुरतं. मग ती डेक्सा नावाची तपासणी झाली. त्यात उणे अडीच किंवा त्याखाली आकडा गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हिचा उणे 3.1. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला उणे आकडा समजावून सांगावा लागत नाही.

नशिबानं नस दबली नव्हती, ऑपरेशनची गरज नव्हती. थोडे दिवस विश्रांती, वेदनेच्या गोळ्या, वाकायचं नाही, पिळायचं नाही, आणि आठ आठवडे पट्टा. मी तिथल्या तिथं बोटं मोजली. आठ आठवडे म्हणजे 16 सप्टेंबर. चवथ 19 सप्टेंबरला. अधिक महिना नसता तर चवथ ऑगस्टातच आली असती. हिनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: "चवथीला मी उभी राहीन ना?"

गोव्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे दिवाळी एकीकडे आणि चवथ एकीकडे. गणपतीवर माटोळी बांधायची, तिला रानातली फळं, कांगलां, सुपारीची कात्रं, नारळाची पेंड. घरात पंचवीस-तीस माणसं. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं. लग्न होऊन फोंड्याला आल्यापासून एकाही चवथीला ही स्वयंपाकघराबाहेर बसलेली मी पाहिली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "पट्टा नीट वापरलात तर उभ्या राहाल."

त्या "नीट" शब्दातच सगळी गोम होती.

पहिला पट्टा मी दुकानातून आणला. ही घरी आडवी, त्यामुळे दुकानात मी एकटाच. दुकानदारानं विचारलं, "बाई जाड की बारीक?" म्हटलं, मध्यम. "मग लार्ज." खोका पुढं आला, पैसे दिले, झालं. साडी घेताना आपण तासभर घालवतो, आणि मोडलेल्या पाठीचा पट्टा दोन मिनिटांत!

तो पट्टा म्हणजे रुंद इलॅस्टिक आणि पुढं चिकटपट्टी. उभ्यानं बांधला तर बसल्यावर वर सरकायचा आणि वरची कड बरगड्यांत घुसायची. खाली ओढला तर खालची कड मांडीत रुतायची. पेज प्यायली तरी पोटाला जागा नाही. चार घोट घेतले की वाटी बाजूला. श्वास वरच्यावर. तिसऱ्या दिवशी तिनं तो काढून खाटेखाली टाकला. मी काही बोललो नाही. लेक मात्र फोनवर बोलली, "आई, घालायलाच हवा." त्यावर ही म्हणाली, "तू घालून बघ आणि मग मला सांग." दोघींत दोन दिवस अबोला होता. ते दोन दिवस घरात पावसाचाच काय तो आवाज.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी बरगडीखालचे लाल वळ पाहिले. म्हणाले, हा पट्टा साध्या कंबरदुखीचा आहे आणि मापाचाही नाही, तुम्हाला मापावर शिवलेला हवा. पणजीजवळ पट्टे, ब्रेस, जयपूर फूट वगैरे बनवणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे पाठवलं. फोंड्याहून पणजीला जाताना म्हार्दोळ, मंगेशी, बाणस्तारीचा पूल हा रस्ता मी हजारदा केला असेन, पण त्यात गतिरोधक किती आहेत ते त्या दिवशी कळलं. गाडीची पुढची सीट मागं पाडून हिला टेकवून बसवलं होतं. प्रत्येक गतिरोधकाला ती डोळे मिटून घ्यायची आणि मी ब्रेकवरचा पाय आणखी हळू सोडायचो.

त्या मुलानं (मुलगाच म्हणतो, तिशीचा असेल) हिला आधी टेबलावर उताणं झोपवलं. गुडघ्यांखाली उशी दिली. माप सगळं झोपलेल्या अवस्थेत. नितंबांचा सगळ्यात रुंद भाग, मग कंबर, मग बरगड्यांच्या खालच्या कडेला, असे तीन घेर. मग समोरून उंची: खाली ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर, वर छातीच्या हाडाखाली दोन बोटं. मग हळूच उठवून खुर्चीवर बसवलं आणि खालची कड मांडीला कुठं लागेल तिथं खडूनं खूण केली. मागची बाजू समोरच्यापेक्षा उंच ठेवली. पाऊण तास लागला. बँकेत लॉकरची चावी देतानाही आम्ही इतकी काळजी घेत नव्हतो.

चार दिवसांनी तयार झाला. जाड, पांढरट ड्रिलचं कापड, आत मऊ अस्तर. पाठीशी स्टीलच्या दोन पात्या, पण बरोबर कण्यावर एकही नाही, दोन्ही बाजूंना एकेक, आणि त्याही हिच्या पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवलेल्या. पुढं तीन बकलं. आणि मागं, बुटाला असतात तशी धातूची भोकं दोन रांगांत आणि त्यातून ओवलेली लांब नाडी. बिलावर लिहिलं होतं: "कॉर्सेट, 1 नग."

ते बिल मी लेकीला फोनवर पाठवलं आणि तिथंच दोघींचा अबोला संपला. लेक खो खो हसत सुटली. "आई, तू इंग्लंडची राणी झालीस!" कॉर्सेट म्हणजे जुन्या इंग्रजी सिनेमात खांबाला धरून उभी असलेली मुलगी आणि मागून दासी दोरी खेचतेय, हेच आपल्या डोळ्यांपुढं येतं. युरोपात तसे घालतही होते, देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पात्या घालून शिवलेले. कंबर बारीक दिसावी म्हणून आवळून बांधायचे, आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्या डॉक्टरांनी त्याविरुद्ध पुष्कळ लिहिलं. पण कापड, पाती आणि दोरी ही तीच युक्ती मोडलेल्या पाठीलाही आधार देते. फरक कशासाठी आवळायचं एवढाच.

लेकीनं मग मेक्सिकोतल्या फ्रिडा काहलो या चित्रकर्तीचे फोटो पाठवले. 1925 साली, अठरा वर्षांची असताना, बसच्या अपघातात तिचा कणा मोडला. 1954 साली ती गेली. मधल्या काळात तिला पुन:पुन्हा कॉर्सेट घालावे लागले, कधी चामड्याचे, कधी स्टीलचे, कधी प्लास्टरचे. प्लास्टरच्या कॉर्सेटवर ती चित्रं रंगवायची. हिनं फोटो मोठा करून नीट पाहिला. विचारलं, "तिथं पाऊस किती पडतो?" म्हटलं, आपल्याएवढा नसणार. "मग प्लास्टर चालत असेल," म्हणाली.

आता बांधण्याबद्दल. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. पहिल्या दिवशी तिनं मलाच समोर बसवलं. म्हणाली, "काका, रोज तुम्हीच बांधणार ना? मग बघून घ्या."

पहिली गोष्ट, उभ्यानं बांधायचा नाही. उभं राहिलं की पोट खाली लोंबतं आणि पट्टा त्या पोटाला जिथं आहे तिथंच बांधून टाकतो. झोपून, गुडघे वर घेऊन बांधायचा, म्हणजे पोट आपोआप आत जातं. आधी नाडी भरपूर सैल करून घ्यायची. मग हिनं एका कुशीवर व्हायचं, खांदा आणि कंबर एकदम, लाकडाचा ओंडका लोटतात तशी. पट्टा पाठीखाली सरकवायचा आणि तिला परत उताणं करायचं. पात्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या की नाही ते हातानं चाचपायचं. मग बकलं, खालचं आधी, मधलं नंतर, वरचं शेवटी.

बकलं लागली की पुन्हा कुशीवर आणि मग नाडी. इथं घाई चालत नाही. टोकं धरून एकदम खेचली तर टोकाजवळची दोन भोकं आवळतात आणि बाकीची तशीच राहतात. तळापासून एकेक आडवी दोरी बोटानं उचलून तिचा सैलपणा वर वर सरकवत कंबरेपर्यंत आणायचा. मग वरच्या टोकाकडून तसाच खाली कंबरेपर्यंत. सगळी जास्तीची दोरी कंबरेशी दोन फासांत जमते, ते फास ओढायचे आणि गाठ बाजूला घ्यायची, पाठीवर नाही. नाहीतर टेकून बसलं की गाठ टोचते. खालचा भाग सगळ्यात घट्ट, मधला त्याहून कमी, वरचा सगळ्यात सैल. घट्टपणा कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे, कारण हाडं तो सोसतात. बरगड्यांना हलायला जागा हवी.

मागची फट बघून पट्ट्याचं माप कळतं, हे मला फार आवडलं. दोन्ही कडांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी, दोनेक बोटांची असावी. खाली फट मोठी आणि वर छोटी दिसली तर नितंबांकडे पट्टा अपुरा आहे. उलट दिसली तर बरगड्यांकडे. आणि कडा एकमेकींना पूर्ण चिकटल्या तर पट्टा मोठा आहे, आणखी आवळायला जागाच उरली नाही. ताळेबंद वाचावा तशी ती फट वाचायची मला सवय झाली. सकाळी चष्मा लावून आधी ती बघायची.

हे सगळं चाललेलं ही निमूट ऐकत होती. ती मुलगी म्हणाली, "काकी, आता हळूच श्वास सोडा. पोट ओढून धरू नका, नुसता सोडा." तशी ही एकदम म्हणाली, "हे मला माहीत आहे."

हिचं माहेर पेडण्याचं. आमची दोन्ही मुलं तिथं झाली, 1979 आणि 1983 साली. बाळंतिणीचं पोट बांधायची रीत तुमच्याकडेही असेल. हिला न्हाऊ-माखू घालायला गावातली म्हातारी वयजीण यायची. अंगाला तेल, कडकडीत पाण्याची आंघोळ, मग चटईवर आडवं करून आजेसासूचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं चार पदरी दुमडून पोटाला गुंडाळायची. सुरुवात कंबरेच्या हाडापासून, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत वर. "स्वास सोड गो बाय, मागीर बांदतां," म्हणायची. बांधून झालं की दोन बोटं आत घालून बघायची. बोटं गेली नाहीत तर सोडून पुन्हा बांधायची. तिला ना लिहिता येत होतं ना वाचता. आणि ही डिग्री घेतलेली मुलगी चाळीस वर्षांनी तेच सांगत होती: झोपून, खालून वर, श्वास सोडून, दोन बोटं. (बाळंतिणीला फार घट्ट बांधू नये असं आताचे डॉक्टर सांगतात, तेव्हा नव्या आयांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. मी माझ्या बायकोच्या पाठीपुरतं बोलतोय.)

त्या दिवशी दुपारी हिनं मला कपाटाच्या वरच्या खणातून गाठोडं काढायला लावलं. त्यात तिच्या आईचं जुनं सुती लुगडं होतं, गुलबक्षी रंग पार उडालेला. तिनं त्याची एक पट्टी कापून घेतली. कात्री चालवताना हात जरा थांबला, मी पाहिलं, पण पुन्हा चालवली. ती पट्टी एकही सुरकुती न ठेवता अंगावर गुंडाळायची आणि तीवर कॉर्सेट. दुकानातल्या पट्ट्याला जे जमलं नव्हतं ते या पट्टीनं केलं. कड टोचायची थांबली आणि घामही तिच्यातच मुरू लागला. त्या दिवसापासून पट्टा घालण्यावरून घरात वाद झाला नाही.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो. आमच्या पिढीत नवऱ्यानं बायकोच्या कपड्यांना हात लावणं ही रीत नव्हती. एकत्र घरात संसार झाला. दिवसा एकमेकांशी बोलायचं तेही कामापुरतं. शेजारच्या एका बाईंनी रोज येऊन बांधायची तयारी दाखवली होती. ही नको म्हणाली. पहिल्या सकाळी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी मागं बसून नाडी सरकवत होतो. दोघंही गप्प. बाहेर कौलांवरून पाणी गळतंय. मध्येच म्हणाली, "बस्स." मी थांबलो. "खाली अजून थोडं. आता बस्स." पुढं आठ आठवडे रोज सकाळी साडेसहाला हे दोन शब्द ऐकले, "अजून थोडं" आणि "बस्स". किती घट्ट ते मला मागून कधीच कळलं नसतं. ते आतल्या माणसालाच कळतं.

कॅश विभागात असताना शंभर नोटांचं पाकीट बांधायला शिकलो होतो. आधी टाचण्या होत्या, पुढं रिझर्व्ह बँकेनं त्या बंद केल्या आणि कागदी पट्टी आली. पट्टी घट्ट झाली तर वरच्या नोटेची कड मुडपते, सैल राहिली तर मधली नोट निसटते. नवा कॅशियर नेहमी घट्ट बांधायचा. घट्ट म्हणजे सुरक्षित असं त्याला वाटायचं. जुन्याचं पाकीट हातात घेतलं की त्यातल्या नोटा हलायच्या नाहीत आणि मुडपलेल्याही नसायच्या. पण नोटा "बस्स" म्हणत नाहीत. तेवढं माझं काम सोपं होतं.

बारीकसारीक गोष्टी इथंच सांगून टाकतो. परकराची नाडी पट्ट्यावर बांधली की दोन्हींचं ओझं एकाच जागी पडतं. हिनं परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावून घेतलं आणि तो पट्ट्याच्या खालच्या कडेशी घातला. स्वच्छतागृहात जाताना खालचं बकल सैल करायचं. जेवण थोडं थोडं, चार वेळा. संध्याकाळी पट्टा काढला की त्वचा पाहायची. वळ अर्ध्या तासात गेले तर ठीक, राहिले तर दुसऱ्या दिवशी त्या जागी सैल. काढतानाही आधी नाडी सैल करायची, मग बकलं. श्रावणात काही वाळत नाही हे तुम्हाला सांगायला नको. पात्या काढून हातानं धुतलेला पट्टा दोन दोन दिवस ओला राहायचा. शेवटी त्या कारागिराकडून दुसरा शिवून घेतला. खर्च झाला, पण रोज कोरडा पट्टा अंगाला लागला.

आणि एक. पट्टा मणका जोडत नाही. जोडतं ते हाड स्वतःच. पट्टा वाकू देत नाही, पोटाला आधार देतो आणि विसरभोळ्या माणसाला आठवण करून देतो. त्यामुळे बाकीचं चुकवून चालत नाही. दर रविवारी हाडांची गोळी, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तो अर्धा तास ही बाल्कनीत खुर्चीवर ताठ बसून जप करायची. रोज नाचणीचं तिझन. सहाव्या आठवड्यापासून पट्टा थोडा थोडा कमी, आधी एक तास, मग दोन, कारण कायम बांधून ठेवलं तर पाठीचे स्नायू आळशी होतात. पट्टा नसलेल्या त्या वेळात पाठीचे व्यायाम, पुढं वाकायचे एकही नाहीत.

पट्ट्यावाचूनचा पहिला तास तिला फार कठीण गेला. खुर्चीचे दोन्ही हात धरून बसली होती. दुखत नव्हतं, पण "आत काही नाही असं वाटतंय" म्हणाली. ज्या पट्ट्याला खाटेखाली टाकलं होतं, त्याच्या भावाला आता सोडवत नव्हतं. मी घड्याळ समोर ठेवलं. चाळीस मिनिटं झाल्यावर तिनं एक हात सोडला.

सप्टेंबरात एक्स-रे काढला. मणका आणखी दबला नव्हता. उंची दीड सेंटीमीटरनं कमी झाली ती झालीच. डॉक्टर म्हणाले, चवथीचे दिवस गर्दीचे, तेव्हा तेवढे दिवस पट्टा घाला, मग हळूहळू सोडा.

19 सप्टेंबरला पहाटे नेहमीप्रमाणे बांधून घेतला. आज साडी नेसायची म्हणाली. आठ आठवडे गाऊनवर काढले होते. पट्ट्यावरून साडी म्हणजे कंबर चार बोटं जाड दिसणार, याची तिला दगडी मणक्यापेक्षा जास्त चिंता. धाकट्या जावेनं निऱ्या बसवून दिल्या. माटोळी मुलानं बांधली, पुण्याहून आदल्या दिवशी आला होता. ही खाली खुर्ची टाकून बसली आणि "नारळाची पेंड मध्ये नको, बाजूला" अशी सूचना देत राहिली. नेवऱ्या जेवणाच्या टेबलावर लाटल्या, खाली बसून नव्हे. आरतीला मात्र उभी राहिली. पहिल्या आरतीपासून शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत. आमच्याकडे आरत्या किती लांबतात ते नातेवाइकांना माहीत आहे. मी दोनदा खुर्ची पुढं सरकवली. दोन्ही वेळा तिनं मान हलवून नको म्हटलं.

अनारसे राहिले ते राहिलेच. पुढचा अधिक महिना 2026 साली, ज्येष्ठात. जावयाला तारीख सांगून ठेवली आहे.

त्यानंतर आमच्याकडे या बाबतीत विचारणा होऊ लागली. बऱ्याच जणांना तो पट्टाच हवा असतो, "तुमचा आता पडूनच आहे ना?" म्हणून. ही देत नाही. दुसऱ्याच्या मापाचा चष्मा लावाल का, विचारते. गेल्या डिसेंबरात डिचोलीचा माझा एक जुना सहकारी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पाठ धरून बसला होता. डॉक्टरांनी पट्टा दिलेला, आणि तो दाराच्या मागं खुंटीला. आम्ही दोघं गेलो. हिनं वहिनींना समोर बसवलं, त्याला खाटेवर आडवा करायला लावला, गुडघ्यांखाली उशी. "खालून वर बांधा वहिनी, आणि भावोजी, तुम्ही श्वास सोडा." मी खोलीबाहेर थांबायला निघालो, तर म्हणाली, "तुम्ही कुठं जाता? नाडी सरकवायला तुम्हीच दाखवा."

बांधून झाल्यावर तिनं त्याला उठवून खुर्चीत बसवलं. खोकून दाखवा म्हणाली. तो खोकला. मोठा श्वास घ्या. घेतला. मग म्हणाली, "आता हसा." तो म्हणाला, "वहिनी, हसायला काहीतरी कारण हवं ना." तेव्हा मी त्याला 1984 सालच्या त्या ऑडिटरची आठवण करून दिली, जो तिजोरी मोजायला आला आणि स्वतःच स्ट्राँगरूममध्ये अडकला. तो असा हसला की हिनं लगेच पुढं होऊन वरची नाडी अर्ध्या बोटानं सैल केली.